मागे कोण पडले?

भंडाऱ्यात शिकवणी वर्गांचे फलक वाचीत चालले की ‘एक्सेल’ हे इंग्रजी क्रियापद वारंवार भेटते. शेजारच्या एका विद्यार्थिनीने परवा त्याला मराठी शब्द विचारला. ‘प्रावीण्य मिळविणे’, असे मी सांगितले. ती म्हणाली, “सर, मग कोणाला तरी मागे टाकायचे, हे त्यात आलेच नाही!”

तिचे म्हणणे खरे होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उंच उठणे. पूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद सकर्मक म्हणूनही सर्रास चाले. अमुक माणूस इतरांना ‘एक्सेल’ करतो, असे लिहीत. आज ते बहुधा अकर्मक झाले आहे. अमुक मुलगी गणितात ‘एक्सेल’ करते, एवढ्यावर वाक्य पुरे होते. मागे पडलेला माणूस व्याकरणातूनच नाहीसा झाला. ‘आउटडू’ या त्याच्या भावंडाला मात्र कर्मावाचून उभेच राहता येत नाही, आणि आपले ‘वरचढ ठरणे’ही ‘कोणापेक्षा?’ हे विचारल्याखेरीज राहत नाही. या बाबतीत मराठी अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, गर्दीत सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही. जागा मोजक्या असल्या की पुढे जाणे आणि मागे टाकणे ही एकच क्रिया होते.

एकच होते खरी. पण ती करण्याचे मार्ग दोन आहेत, आणि त्यांतील भेद आपल्याच जिल्ह्याने १९५४ साली पाहिला. भंडारा तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी आणि प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, त्याला राखीव जागा. दुसरी जागा उरलेल्या सर्वांत जो पुढे, त्याला. म्हणजे राखीव जागा हुकली तरी मेहतांहून अधिक मते मिळाल्यास आंबेडकर निवडून येऊ शकत होते. त्यांच्या अनुयायांनी दुसरे मत कोणालाच दिले नाही, ‘कुजविले’, तर आंबेडकरांचे एकही मत वाढणार नव्हते. मेहतांची तेवढी घटली असती. निव्वळ ‘आउटडू’!

कार्यकर्त्यांनी हा सल्ला दिला आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, हे चरित्रांतून नोंदलेले आहे. या नकारामागे अनुभव होता. १९५२ च्या मुंबईच्या निवडणुकीत ७४ हजारांहून अधिक मते कुजविली गेली होती, आणि त्याविरुद्ध आंबेडकर व मेहता या दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला होता. ज्या शस्त्राचा घाव स्वतः सोसला, ते हाती घेण्यापेक्षा त्यांनी पराभव पत्करला. मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना मिळाली.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच संपले, त्यामुळे आजच्या तरुण कार्यकर्त्यांना ही हकिगत पुराणातली वाटेल. त्या मुलीला मात्र ती नीट कळली. तिने लगेच विचारले, “आणि मेहतांच्या मतदारांनी आपले दुसरे मत कोणाला दिले?”

आपल्या मंडळींना हा प्रश्न अवघड जातो. त्या सर्वांनी ते आंबेडकरांना दिले असते, तर मेहता त्यांच्या पुढे जाऊच शकले नसते. ते पुढे गेले. तेव्हा आपल्या उमेदवाराला मत देणाऱ्यांपैकी काहींची लेखणी नव्हे, पण मतपत्रिका दुसऱ्या वेळी बाबासाहेबांच्या पेटीपाशी थांबली नाही, हे गणितानेच सिद्ध आहे. मी तिला तसे सांगितले.