डॉक्टर प्रयोगशाळेकडे का वळत नाहीत?

सांधे दुखतात म्हणून अस्थिरोग विभाग, चेहऱ्यावर चट्टे उठले म्हणून त्वचारोग विभाग, पायांवर सूज आली म्हणून मेडिसिन. केसपेपर हातात धरून अशा फेऱ्या मारणाऱ्या तरुण स्त्रिया सरकारी रुग्णालयांना नव्या नाहीत. शेवटी कुणीतरी एएनए चाचणी लिहून देते आणि ‘ल्युपस’ हे नाव समोर येते. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. स्टिरॉइड सुरू होतात, आराम पडतो. पण हिच्याच शरीरात ही यंत्रणा का बिघडली, याचे उत्तर डॉक्टरकडेही नसते.

ते उत्तर शोधणारे शास्त्र म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र, अर्थात इम्युनॉलॉजी. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकातली काही प्रकरणे, एवढीच बहुतेक डॉक्टरांची त्याच्याशी ओळख. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची शर्यत सुरू होते आणि तो धागा तुटतो. संशोधन हे एमएस्सी, पीएचडीवाल्यांचे काम, असे सगळ्यांनीच गृहीत धरलेले असते.

या गृहीतकाची किंमत रुग्ण मोजतात. २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी शिमोन साकागुची हे मुळात वैद्यकीय पदवीधर. नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली की त्यांचे शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. मग निरोगी प्राण्यात हा हल्ला कोण रोखते, हा त्यांचा प्रश्न होता. अशा रोखणाऱ्या पेशी असतात यावरचा बहुतेकांचा विश्वास उडाला होता, तरी त्यांनी शोध सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी या नियामक टी-पेशींची ओळख पटवली. आज स्वप्रतिरोधी आजार, कर्करोग आणि अवयव प्रत्यारोपण या तिन्ही क्षेत्रांत या पेशींवर काम चालू आहे.

महाराष्ट्राला हे परके नाही. हाफकिन यांनी प्लेगची लस १८९७ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी याच शहरात नोंदवला. केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे; पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. रक्ताच्या कर्करोगावरची पहिली भारतीय कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून उभी राहिली, तिला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. प्रयोगशाळा आणि वॉर्ड एकमेकांशी बोलू लागले की काय होते, याचा हा पुरावा.

मग अडते कुठे? पहिले म्हणजे पैसा आणि वय. पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७ हजार रुपये, नंतर ४२ हजार. घरभाडे भत्ता वेगळा. निवासी डॉक्टरचे विद्यावेतन याहून कितीतरी अधिक असते. त्यातही ही रक्कम अनेकदा महिनोन् महिने रखडते. पाच-सहा वर्षे अशी काढायची, तर घरून ‘अजून शिकतोच आहेस का?’ हा प्रश्न ठरलेलाच. दुसरे, पुढे काय? पीएचडी केलेल्या डॉक्टरला निम्मा वेळ रुग्ण आणि निम्मा वेळ संशोधन, अशी जागा आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जवळजवळ नाहीच.

उपाय फार खर्चाचे नाहीत. एमडीचा प्रबंध सक्तीचा आहे. पण बऱ्याचदा तो जुन्या केसपेपरांची जुळवाजुळव करून उरकला जातो. त्याऐवजी इच्छुक विद्यार्थ्याला सहा महिने जवळच्या संशोधन संस्थेत पाठवता येईल. तिथे तो फ्लो सायटोमीटरवर पेशी मोजायला शिकेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपला अंदाज चुकला तर ते मान्य करायला शिकेल. डॉक्टर संशोधकाचे विद्यावेतन निवासी डॉक्टरइतके हवे आणि ते वेळेवर मिळायला हवे. वैद्यकीय महाविद्यालयांत निदान एकेक पद अशा व्यक्तीसाठी राखून ठेवायला हवे. उलट दिशेनेही ये-जा हवी. इम्युनॉलॉजीत पीएचडी करणाऱ्या एमएस्सीच्या मुलांनी काही दिवस बाह्यरुग्ण विभागात बसावे. ट्यूबमधले रक्त कुणाचे आहे हे पाहिले, की प्रश्न विचारण्याची पद्धत बदलते.

विद्यार्थ्यांनीही एवढे जाणून घ्यावे, की काही राष्ट्रीय संस्थांत एमबीबीएसनंतर थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. एमबीबीएस करतानाच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना आहे. आवड खरी आहे का, हे तपासायला ती पुरेशी आहे. प्रत्येकाने संशोधक व्हावे असे मुळीच नाही. शंभरात दोघे वळले तरी चालेल. पण त्या दोघांना आज आपण वेड्यात काढतो आणि केसपेपर घेऊन फिरणारी ती मुलगी वर्षानुवर्षे त्याच गोळ्या घेत राहते.