सांध्याचे मोल कोण मोजणार?

दूरदर्शन संचाला जोडलेले व्हिडिओ गेमचे यंत्र दहा मिनिटे नीट चालते आणि अकस्मात बंद पडते. थंड झाले की पुन्हा सुरू! अशा वेळी अमरावती-अकोल्याकडचा जाणता कारागीर नवा सुटा भाग मागवीत नाही. तो आधी सोल्डरचे सांधे तपासतो. यंत्रात मागाहून जादा चिप बसविलेली असेल, तर संशय प्रथम तिच्या बारीक तारांवर जातो. शिसेयुक्त सोल्डरचा चांगला सांधा चकचकीत दिसतो, बिघडलेला मळकट. शिसेविरहित सोल्डर मात्र मुळातच निस्तेज. तेथे केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवणारा फसतो. मल्टिमीटरही फसवितो, कारण थंड यंत्रात केसाएवढ्या चिरेच्या दोन्ही कडा टेकलेल्या असतात. म्हणून यंत्र तापू द्यावे लागते, लाकडी काडीने एकेक जागा हलकेच दाबून पाहावी लागते. दोष सापडल्यावर वीज तोडून, फ्लक्स लावून नवे सोल्डर भरणे हे काही क्षणांचे काम. गिऱ्हाईक पैसे देते ते या क्षणांचे. शोधात गेलेल्या तासांचे नव्हे.

हा दोष गावठी कामाचाच असतो, हा समज खरा नाही. एक्सबॉक्स ३६० या यंत्रातील बिघाडांपायी मायक्रोसॉफ्टला २००७ साली शंभर कोटी डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली. तापणे-निवणे यांच्या फेऱ्यांत चिपखालच्या जोडण्या तुटत होत्या. वऱ्हाडात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो.

चिप बसविणारे पुष्कळदा चोरीचे खेळ खेळतात, हा आक्षेप खोटा नाही. पण चोरी आणि दुरुस्ती यांना एकाच दावणीला बांधणे अन्यायाचे होय. अमेरिकेने २०२१ साली, केवळ डिस्क-ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती का होईना, या यंत्रांची कुलपे उघडण्यास मुभा दिली. आपल्याकडे दुरुस्तीच्या अधिकारासाठी केंद्राने २०२२ साली समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही काढले. संकेतस्थळाने कारागिराच्या हाती सर्किटचा नकाशा येत नाही. तो नकाशा आणि सुटे भाग स्वतंत्र कारागिरास वाजवी दरात देण्याचे बंधन उत्पादकांवर कायद्यानेच घातले पाहिजे. आणि दोष शोधण्याची मजुरी, दोष सापडो वा न सापडो, गिऱ्हाइकाने आधी ठरवून दिली पाहिजे. डॉक्टरांची तपासणी फी आपण देतोच की!