गॅलिक, फॉलिक आणि गार्लिक

मागच्या महिन्यात एक काकू आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेला पाचवा महिना सुरू होता. चेहरा ओढलेला, जिना चढून आली तर धाप लागलेली. रक्ताचा रिपोर्ट पाहिला, हिमोग्लोबिन ९.१. मी विचारले, "लोहाच्या गोळ्या घेताय ना?" सून काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "एक दिवस चुकवू देत नाही मी. ती गॅलिक ॲसिडची लाल गोळी ना? रोज सकाळी माझ्या हाताने देते, चहाबरोबर."

"गॅलिक नाही काकू, फॉलिक."

"तेच ते. चहात पण असतं म्हणे गॅलिक ॲसिड. मोबाइलवर आलं होतं. म्हणून मुद्दाम चहाबरोबर देते, दुप्पट गुण येईल."

काकूंच्या मायेत काही कमी नव्हते आणि त्यांची माहितीही पूर्ण खोटी नव्हती. चहात गॅलिक ॲसिड खरेच असते. चूक फक्त एका अक्षराची होती, पण त्या अक्षरामुळे दोन महिन्यांच्या गोळ्यांचा बराचसा भाग वाया गेला होता. म्हणून आज या ‘गॅलिक’ शब्दाबद्दल लिहायचे ठरवले. हा शब्द बातम्यांत भेटतो, औषधाच्या बाटलीवर भेटतो, स्कॅनच्या चिठ्ठीवर त्याचे भाऊबंद भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो.

पहिला अर्थ : फ्रान्सचा

आजच्या फ्रान्सच्या आसपासच्या प्रदेशाला रोमन लोक ‘गॅलिया’ म्हणत. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ५८ ते ५० या काळात तो जिंकला. ॲस्टेरिक्सची चित्रकथा वाचलेल्यांना हे गॉल लोक ओळखीचे असतील. त्यावरून इंग्रजीत ‘गॅलिक’ म्हणजे फ्रेंच, फ्रेंच धाटणीचा. खांदे उडवून ‘मला काय त्याचे’ असे दाखवण्याच्या फ्रेंच लकबीलाही इंग्रजी वर्तमानपत्रे हेच विशेषण लावतात. लॅटिनमध्ये ‘गॅलस’ म्हणजे गॉल माणूस आणि गॅलस म्हणजे कोंबडाही. या योगायोगातूनच कोंबडा फ्रान्सचे चिन्ह झाला. त्यांच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर तो आजही दिसतो.

दवाखान्यात हा अर्थ दोन वाटांनी येतो. पहिली वाट गॅलियम या धातूची. १८७५ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तो शोधला आणि आपल्या देशाचे जुने नाव त्याला दिले. हा धातू तिशीच्या आतल्या तापमानालाच वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. त्याचे किरणोत्सारी रूप, गॅलियम ६८, आज प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आणि काही विशिष्ट गाठींसाठी केल्या जाणाऱ्या पेट स्कॅनमध्ये वापरतात. चिठ्ठीवर ‘गॅलियम स्कॅन’ वाचून कुणाला वाटते की पित्ताशयाचा, म्हणजे गॉलब्लॅडरचा फोटो काढायचाय. तसे नसते.

दुसरी वाट वाइनची. फ्रेंच लोक लोणी आणि चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी कसे, या कोड्याला ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ म्हणतात. १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले आणि तिथे तिचा खप एकदम वाढला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. तेव्हापासून नाशिकच्या वाइनचा पेला हातात घेऊन "हार्टला चांगली असते ना डॉक्टर?" असे विचारणारे लोक मला दर समारंभात भेटतात.

पुढे काय झाले ते मात्र फारसे कुणाच्या कानावर गेले नाही. फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली नोंदले जात होते. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यामुळे थोडी पिणारे उगाचच निरोगी दिसत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा ‘फ्रेंच’ किंवा ‘गॅलिक’ असे भारदस्त विशेषण लागले म्हणून दारूचे औषध होत नाही.

दुसरा अर्थ : मायफळाचा

गॅलिक ॲसिडमधल्या गॅलिकचा फ्रान्सशी काही संबंध नाही. तो आला लॅटिन ‘गॅला’ या शब्दावरून. गॅला म्हणजे झाडावर किड्यामुळे उठलेली गाठ. तुमच्या घरी बाळगुटीच्या पुडीत ती गाठ असण्याची दाट शक्यता आहे : मायफळ.

नावात फळ असले तरी मायफळ हे फळ नाही. इराण, तुर्कस्तानकडच्या ओक वृक्षाच्या डहाळीत एक बारीक माशी अंडे घालते. त्या जागी झाड गाठ तयार करते आणि आत अळी वाढते. ती वाळलेली गाठ म्हणजे मायफळ. गुटीतली काकडशिंगी ही अशीच एक गाठ आहे, फक्त झाड वेगळे आणि किडा वेगळा. (विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, गुटीही नको.)

मायफळात टॅनिन नावाची तुरट द्रव्ये ठासून भरलेली असतात. १७८६ साली शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्यातून गॅलिक ॲसिड वेगळे केले. तेच गॅलिक ॲसिड आणि त्याच्यापासून बनलेली टॅनिन चहात, हिरड्यात, आवळ्यात असतात. जीभ आखडते ती तुरट चव त्यांचीच.

तिसरा अर्थ : पित्ताचा

इंग्रजीत ‘गॉल’ म्हणजे पित्त. त्यावरून गॉलब्लॅडर आणि गॉलस्टोन. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, त्याचे मूळ तिसरेच. म्हणून गॅलिक ॲसिडने गॉलस्टोन विरघळतात असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पित्ताशयातले काही निवडक, लहान खडे विरघळवण्यासाठी एक गोळी असते, पण ती पित्तातल्याच एका आम्लाची असते आणि प्रत्येकाला चालत नाही. वारंवार दुखत असेल तर सर्जनला दाखवा. काढ्यावर दिवस काढताना खडा नळीत अडकून कावीळ झालेले रुग्ण आम्ही पाहतो.

राहिले तीन तोतये. ‘गार्लिक’ म्हणजे लसूण. ‘गेलिक’ म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या भाषा. आणि ‘फॉलिक’ म्हणजे पानाचे, कारण फॉलिक ॲसिड प्रथम पालकाच्या पानांतून मिळवले गेले. ते ब गटातले जीवनसत्त्व आहे. गर्भाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण नीट व्हावी म्हणून गरोदरपणाच्या आधीपासून ते द्यायचे असते. फॉलिक रक्त तयार व्हायला मदत करते. गॅलिक मात्र रक्ताला लागणारे लोहच वाटेत अडवते.

पोटात शाई

ते कसे अडवते हे आपल्या आजीला ठाऊक होते. केसांना लावायची मेंदी ती लोखंडी कढईत भिजवायची आणि त्यात आवळ्याची पूड, चहाचे पाणी घालायची. सकाळपर्यंत सगळे काळेभोर. टॅनिन आणि लोखंड यांचे लग्न लागले की काळा रंग होतो. युरोपात कित्येक शतके हीच शाई वापरात होती. मायफळाचा अर्क घ्यायचा, त्यात हिराकस टाकायचा, शाई तयार.

आता हिराकस म्हणजे काय? फेरस सल्फेट. आणि गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीतले लोह कोणत्या रूपात असते? बहुधा फेरस सल्फेटच. म्हणजे काकू रोज सकाळी सुनेला हिराकस देत होत्या आणि त्यावर टॅनिनचा कप पाजत होत्या. पोटात शाई तयार होत होती. टॅनिनने धरून ठेवलेले लोह आतड्यातून रक्तात शिरत नाही, ते तसेच शौचावाटे निघून जाते.

ही नुसती उपमा नाही. १९८९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांवर मोजून दाखवले की लोहाचे शोषण रोखण्याचे काम रेणूतला गॅलिक ॲसिडचा भागच करतो. जेवणासोबत चहा घेतला तर भाजी-भाकरीतल्या लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दूध घातल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. गोळीतल्या लोहाचे प्रमाण जास्त असल्याने सगळेच वाया जात नाही, पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे नुकसान परवडणारे नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सरकार गोळ्या फुकट देते, आशाताई त्या घरापर्यंत पोहोचवतात. तिथून पोटापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र चहाच्या कपावर अडतो.

माझे मत

‘गॅलिक ॲसिड वाईट’ असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. आवळ्यात ते असते, पण आवळ्यात क जीवनसत्त्वही असते आणि ते लोह शोषायला मदत करते. चहाही प्या, फक्त वेळ पाळा. दुसऱ्या बाजूला ‘गॅलिक ॲसिडयुक्त, अँटिऑक्सिडंट’ असे छापलेल्या महागड्या कॅप्सूलही घेऊ नका. परीक्षानळीत एखादा पदार्थ चमकला म्हणून माणसाच्या शरीरात तो गुण देतोच असे नाही.

माझे म्हणणे एवढेच की औषधाची ओळख नावाच्या आवाजावरून करू नये. कानाला सारखे वाटणारे शब्द पोटात गेल्यावर अगदी उलटे वागू शकतात. यात दोष रुग्णांचा कमी, आमचा जास्त. आम्ही ‘फॉलिक’ म्हणतो, घाईने लिहितो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो. ही गोळी कशासाठी, कशाबरोबर घ्यायची आणि कशाबरोबर नाही, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे दिली नाहीत तर ती जागा मोबाइलवरचा निरोप भरून काढतो. काकूंनी तेच केले होते. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून तुम्ही मागे लागा. "डॉक्टर, या गोळीचे नाव पुन्हा सांगा, मराठीत लिहून द्या" असे म्हणायला लाजू नका. औषधाबद्दल फोनवर विचारताना नाव वाचून दाखवण्यापेक्षा पाकिटाचा फोटो पाठवा. आणि लोहाच्या गोळीपुरते हे लक्षात ठेवा :

- गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. दोन तास ठेवता आले तर उत्तम.
- गोळी लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर चांगले. दुधाबरोबर नको.
- कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दिवसाच्या दुसऱ्या वेळेला घ्या.
- मळमळ होत असेल तर गोळी बंद करू नका, रात्री जेवणानंतर घ्या आणि आम्हाला सांगा.
- शौचाचा रंग काळपट होतो. घाबरू नका, ते गोळीमुळेच.

काकू परवा पुन्हा आल्या. सुनेचे हिमोग्लोबिन १०.२ झाले होते. अजून पल्ला आहे, पण गाडी रुळावर आली. निघताना काकूंनी पिशवीतून मायफळ काढून टेबलावर ठेवले. "गुटीसाठी आणलं होतं. आता तुम्हीच ठेवा, शाई करा."

ते मायफळ अजून माझ्या टेबलावर आहे. लाल गोळी लिहून देताना मी आता ते रुग्णांना दाखवतो आणि मगच चहाची वेळ सांगतो.