हुक कुठे वळला आहे?

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभत असेल. इमारतीला तो परवडत नाही. इमारतीने प्रसंगी वाकलेच पाहिजे आणि कुठे वाकायचे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी ठरवलेले असले पाहिजे. प्लॅस्टिक विश्लेषण म्हणतात ते हेच.

जुना हिशेब भित्रा होता. तुळईत एका जागी जरी पोलाद यील्डला, म्हणजे कायमचे वाकू लागण्याच्या टप्प्याला, पोचले तरी तिची कुवत संपली असे तो धरून चाले. पण दोन्ही टोके पक्की धरलेल्या तुळईवर सारखा पसरलेला भार वाढवत नेला, तर आधी फक्त टोके हार मानतात. तिथे बिजागरी झाल्यासारखे होते आणि वाढीव भार मधला भाग उचलू लागतो. मध्यावर तिसरी बिजागरी झाली की मगच तुळई बसते. नेहमीच्या आय-आकाराच्या पोलादी तुळईत पहिल्या यील्डपासून तिथवर भार जवळजवळ दीडपट झालेला असतो. हंगेरीच्या गाबोर काझिंत्सी यांनी १९१४ मध्येच प्रयोगांती हे मांडले होते.

त्याची खरी परीक्षा झाली ती ब्रिटनमध्ये, बॉम्बवर्षावात. १९४१ मध्ये जॉन बेकर या इंजिनिअरने घरात ठेवायचा पोलादी निवारा आखला. गृहसुरक्षामंत्र्यांच्या नावावरून तो ‘मॉरिसन शेल्टर’ म्हणून ओळखला गेला. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, टेबलाएवढा उंच पिंजरा. वर इंचाच्या आठव्या हिश्शाचा पत्रा, बाजूंना जाळी. दिवसा त्यावर जेवायचे, रात्री आत निजायचे. थेट बॉम्ब झेलण्याचा दावा नव्हताच. वरचा मजला अंगावर आला तर पिंजरा फूटभर दबेल, त्या दबण्यातच पडत्या घराचा जोर जिरेल आणि आतली माणसे वाचतील, एवढाच हिशेब. तो बरोबर ठरला. जबर नुकसान झालेल्या ४४ घरांची पाहणी झाली तेव्हा निवाऱ्यातल्या १३६ जणांपैकी तिघेच दगावले होते. हाच पिंजरा जराही न वाकणारा करायचा म्हटला असता, तर तो घरात आणणेच जमले नसते.

आपल्याकडे हे शास्त्र कॉलेजात शिकवतात आणि परीक्षेनंतर बहुधा विसरतात. खाली पार्किंगसाठी मोकळा मजला नि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी इमारत हादरली की साऱ्या बिजागऱ्या तळमजल्याच्या कॉलमच्या डोक्याशी नि पायाशी होतात. वरचे मजले जवळपास शाबूत राहून खालचा चेपतो. २००१ च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशा इमारती पडल्या. बिजागऱ्या कॉलमऐवजी बीममध्ये व्हाव्यात, म्हणून आयएस १३९२० हे मानक सांगते की जोडावर कॉलमची एकत्रित कुवत बीमच्या किमान १.४ पट हवी.

कागदावर हे सगळे होते. घोडे अडते साइटवर. आरसीसीतली बिजागरी तुटून न जाता फिरत राहायची, तर आतले काँक्रीट रिंगांनी आवळलेले हवे. त्यासाठी रिंगेची टोके, म्हणजे हुक, १३५ अंशांत वळवून गाभ्यात घुसवायची असतात. ९० अंशांत वळवलेले टोक वरचे काँक्रीटचे कव्हर उडाले की उघडते, आणि मग ती रिंग असून नसल्यासारखीच. काटकोनात वळवायला सोपे, म्हणून बऱ्याच साइटवर तेच चालते. आणि ब्रोशरवर मात्र ‘भूकंपरोधक’ छापलेले असते! वाचणार काय, तर प्रत्येक रिंगेमागे बोटभर सळई आणि फिटरचे काही क्षण. एवढ्यासाठी इमारतीची वाकण्याची ताकद घालवणे हा शुद्ध करंटेपणा आहे.

घर घेणारे टाइल्सचा रंग विचारतात, नळ कुठल्या कंपनीचे ते विचारतात. बांधकाम चालू असेल तर एकदा कॉलमला शटरिंग लागण्याआधी साइटवर जा, रिंगांच्या हुकांचा फोटो काढा. सळई कोणती तेही विचारा. एफई ५०० च्या पुढे ‘डी’ असेल तर ती तुटण्याआधी अधिक ताणली जाते. हुक काटकोनात दिसले तर त्याच दिवशी इंजिनिअरला गाठा. काँक्रीट ओतल्यावर ते कोणालाच दिसणार नाहीत.