भटकंती : रस्ता संपतो तिथून पुढे

काय दोस्तांनो, सुट्टीचा बेत ठरला का? आईबाबा गाडीने लांबच्या प्रवासाला निघणार असतील, तर त्यांना हळूच सांगा, "एक मुक्काम नाशिकला करू या ना!" मुंबईहून नाशिक साधारण १७० किलोमीटर. सकाळी चहा पिऊन निघाले, तर जेवायला नाशकात. मग "तिथे मुक्काम कशाला?" असे बाबा विचारणारच. त्यांना द्यायचे उत्तर आज तयार करू.

पहिली गोष्ट म्हणजे, नाशिकचा मुक्काम ही काही आजची फॅशन नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या बंदरात जहाजे लागत. तिथला माल घेऊन व्यापारी थळघाट चढत आणि नाशिककडे येत. याच वाटेवर एका डोंगरात बौद्ध भिक्खूंसाठी लेणी कोरली गेली. पावसाळ्यात भिक्खू फिरणे थांबवून अशा लेण्यांत राहत. राजांनी, व्यापाऱ्यांनी त्यांच्यासाठी दाने दिली आणि तसे दगडावर लिहूनही ठेवले. हीच ती पांडवलेणी! नाव पांडवांचे असले, तरी पांडवांचा इथे काही संबंध नाही बरं का. एकूण चोवीस लेणी आहेत. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि शेजारी नेहरू वनोद्यान. घरात छोटी भावंडे असतील, तर झाडांतून फिरायचा पहिला सराव इथेच करावा.

आता थळघाटाविषयी. आपण त्याला कसारा घाट म्हणतो. आजोबांना विचारून पाहा, "आजोबा, तुमची गाडी कसारा घाटात कधी तापली होती का?" बहुतेक आजोबा हसतील आणि गोष्ट सांगायला बसतील! चढावर इंजिनाला जोर जास्त लागतो, पण गाडीचा वेग कमी असतो. त्यामुळे समोरून येणारा वाराही कमी. रेडिएटरमधले पाणी उकळू लागते आणि बॉनेटमधून वाफ येते. मग गाडी कडेला, सगळी मंडळी खाली. अशा वेळी घाईने रेडिएटरचे झाकण उघडायचे नसते. उकळते पाणी अंगावर उडते. गाडी थंड होईपर्यंत थांबायचे. तेवढ्यात कुणी दरी पाहायचे, कुणी माकडे मोजायची.

आता तशी सक्ती उरलेली नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि इगतपुरीजवळच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या काही मिनिटांत डोंगराच्या पलीकडे जाऊ लागल्या. सोय मोठीच झाली! पण बोगद्यात ना दरी दिसते, ना माकडे. म्हणूनच आता थांबायचे, तर आपण ठरवून थांबावे लागते.

घाटात तापणाऱ्या त्या जुन्या गाड्या आज कुठे भेटतात? जुन्या मोटारींच्या मेळाव्यात! दिल्लीत अशा गाड्यांची मोठी रॅली १९६४ साली सुरू झाली. इंग्लंडमध्ये तर दर नोव्हेंबरात १९०५ च्या आधीच्या मोटारी लंडनहून ब्रायटनला धावतात. त्यामागची हकीकत मजेदार आहे. १८६५ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे रस्त्यावरच्या इंजिनाच्या गाडीपुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचे असे! गावात वेग ताशी दोन मैल. १८९६ साली हे बंधन उठले आणि त्या आनंदात मोटारवाले ब्रायटनला निघाले. त्याचीच ही आठवण.

आपल्याकडे मेळाव्यात गेलात, तर कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी ओळखा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून धावायची थांबली. बंगालमधल्या उत्तरपाड्याची गोलमटोल अँबॅसिडर ओळखा. तिचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. जीप तर तुम्ही ओळखालच. महिंद्राचा मोठा कारखाना नाशिकच्या सातपूरलाच आहे.

मालकाला विचारा, "काका, यातलं मूळचं काय काय आहे?" बघा, त्यांचा चेहरा कसा फुलतो! कारण जुन्या गाडीची खरी किंमत तिच्या 'मूळपणात' असते. २०२१ साली केंद्र सरकारने तसा नियमच केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात फार बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण मग ती रोज ऑफिसला न्यायची नाही. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे जपायचे असेल, तर वापराला मर्यादा घालायची.

आणि एखादा भाग मोडलाच तर? काळजी नाही. नाशिकसारख्या कारखान्यांच्या गावात चांगला लेथ कारागीर नमुना पाहून हुबेहूब तसा भाग करून देऊ शकतो.

आता ही गोष्ट डोक्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर अंजनेरीला चला.

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने साधारण वीस किलोमीटर गेले, की डावीकडे अंजनेरीचा डोंगर दिसतो. उंची सुमारे ४२०० फूट. हा हनुमानाचा जन्मडोंगर मानला जातो आणि वर अंजनीमातेचे मंदिर आहे. गाडी पायथ्याशी ठेवायची. पुढे आपले पाय. आधी झाडी, मग कातळ, मग पायऱ्या आणि वर मोकळे पठार. डोळे उघडे ठेवले तर पावलोपावली काही तरी दिसते. मात्र वाट सोडायची नाही, मोठ्यांना सोडायचे नाही आणि धुके उतरले तर थांबायचे.

पावसाळ्यात या पठारावर एक छोटेसे रोप उगवते. त्याचे नावच 'सेरोपेजिया अंजनेरिका'. शास्त्रज्ञांनी २००६ साली नवी जात म्हणून त्याची नोंद केली. या कुळातल्या फुलांना मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. फूल कसले, छोटा पिंजराच तो! वर नळी, खाली फुगीर भांडे. नळीत आतल्या बाजूला वळलेले केस असतात. इवलीशी माशी आत शिरते, पण केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. काही वेळाने केस सुकतात, मळतात आणि माशी सुटते. जाताना अंगावर पराग घेऊन जाते. असे हे अंजनेरीचे कंदीलपुष्प जगात फारच थोड्या जागी उरले आहे.

वर आकाशाकडेही पाहा. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे, ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन भारतातली बहुतेक गिधाडे मेली. २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले गेले. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे त्यांची संख्या वाढायला फार वेळ लागतो.

२०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. डोंगरालाही जणू 'व्हीए' नंबर मिळाला म्हणा ना! तरीही २०२१-२२ च्या सुमारास अंजनेरीच्या जंगलातून मोटार रस्ता करायचा प्रस्ताव पुढे आला आणि निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला.

रस्ता हवा म्हणणाऱ्यांचेही ऐका. एखाद्या म्हाताऱ्या आजीला देवीचे दर्शन घ्यायचे असेल, तर तिने काय करावे? गावातल्या माणसाला चार पैसे मिळावेत, असे त्याला वाटले तर त्यात चूक काय? हे प्रश्न खरे आहेत. आजीसाठी डोली, गावकऱ्यांसाठी वाटाड्याचे काम, पायथ्याशी घरगुती जेवण, अशा वाटा शोधता येतील. पण कंदीलपुष्पाची जागा एकदा खणली, की ते पुन्हा घडवून देणारा लेथ सातपूरलाच काय, जगात कुठेच नाही.

म्हणून मला वाटते, गाडीने पायथ्यापर्यंत जरूर न्यावे. पुढचा डोंगर पायांसाठी राहू द्यावा.

तुम्हाला काय वाटते? आज रात्री जेवताना घरी हा विषय काढा. निम्म्यांनी रस्त्याच्या बाजूने बोलायचे, निम्म्यांनी डोंगराच्या. मग बाजू बदलायच्या! आणि प्रवासाला निघालात, की वहीत दोन याद्या करा. एक, जुन्या गाडीत दिसलेल्या आणि नव्या गाडीत नसलेल्या वस्तूंची. दुसरी, पायी चालताना दिसलेल्या आणि गाडीच्या काचेतून कधीच न दिसलेल्या गोष्टींची. बघू या, कुठली यादी लांब होते ती!