गृहारोग्य : क्वचित् वापराचा ऊन पाण्याचा टब

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पाण्याला जो मान आहे, तो मुंबईच्या माणसास सहज उमगावयाचा नाहीं. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा आला, १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें, कालव्याच्या कांठीं ऊंस उभा राहिला. तरी कालव्यापासून दूरच्या गांवांत उन्हाळा कडक गेला कीं टँकरची वाट पाहावी लागते. अशा या प्रदेशांत हल्लीं कांहीं सुखवस्तु घरांतून एक नवी वस्तु आली आहे. मळ्यांतील बंगल्याच्या गच्चीवर किंवा मागील अंगणांत हजार-बाराशें लिटरांचा टब बसवितात; त्यांत पाणी ऊन राहतें आणि नळ्यांतून जोरानें बुडबुडे सुटतात. यास हॉट टब म्हणतात. चिरंजीव परदेशाहून दिवाळीस येतात, लेकी-जांवई मे महिन्यांत येतात, तेवढे चार दिवस त्याचा उपयोग होतो. एरव्हीं त्यावर झांकण असतें.

वस्तु चैनीची कीं सोयीची, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्या माणसांस ऊन पाण्यानें बरें वाटतें, हेंहि खरें आहे. परंतु "कोणी उतरलेंच नाहीं, म्हणजे पाणी स्वच्छच आहे," अशी जी समजूत आढळते, ती मात्र घातक आहे. टब जितका कमी वापरांत, तितका तो अधिक जपावा लागतो.

याचें कारण असें. ऊन पाण्यांत क्लोरीन फार काळ टिकत नाहीं. तें संपलें कीं नळ्यांच्या आंत जंतूंचा बुळबुळीत थर धरूं लागतो. आपल्याकडील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड. तें तापलें कीं क्षार बसतात आणि त्या खरबरीत पापुद्र्यांत या थरास आयताच आसरा मिळतो. त्यांतील एका जंतूमुळें अंगावर पुरळ उठतें. तें त्रासदायक असलें तरी बहुधा आपोआप जातें. दुसरा जंतु लीजनेला नांवाचा; १९७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें उद्भवलेल्या सांथीनंतर त्याचा शोध लागला. कोमट ते ऊन पाणी त्यास मानवतें. बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून तो श्वासावाटे फुप्फुसांत शिरतो आणि भयंकर न्यूमोनिया होतो. पन्नाशी उलटलेलीं माणसें, धूम्रपान करणारे, दमेकरी व मधुमेही यांस त्याचें भय अधिक.

१९९९ सालीं हॉलंडमध्यें बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनांत असा एक टब केवळ दाखविण्यासाठीं चालू ठेविला होता. त्याच्या तुषारांमुळें शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि तिसांहून अधिक दगावले. हे लोक स्नानास गेले नव्हते. फुलें पाहावयास गेले होते. नातवंडें टबांत खेळत असतां कांठावर खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांचा विचार यासाठींच आधीं करावयाचा.

आपल्या जुन्या घरांतील रीत आठवावी. न्हाणीघरांतील घंगाळ वापर झाला कीं रितें होई, चिंचेनें घांसलें जाई आणि पालथें पडे. शिळें पाणी सांठवून दुसऱ्या दिवशीं त्यांत स्नान करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नसे. टबासहि हाच नियम लावावा. एक तर रोज वापर असल्याप्रमाणें त्याची निगा ठेवावी, नाहीं तर तो रिकामा करून कोरडा ठेवावा. तिसरा मार्ग नाहीं.

पाहुणे गेल्यावर पाण्यांत क्लोरीनची वाढीव मात्रा घालून, जवळ कोणी नसतां, नळ्यांतून तें फिरवावें. मग बूच काढावें. कडेचा तेलकट पट्टा घांसावा, गाळणी काढून धुवावी, आणि नळ्यांत तुंबलेलें पाणी हवेच्या पंपानें बाहेर काढावें. मग झांकण किलकिलें ठेवून आंतील भाग पुरता वाळूं द्यावा. पुन्हां भरतांना प्रथम हीच वाढीव मात्रा देऊन पाणी फिरवावें. स्नानाच्या वेळीं लिटरास निदान ३ मिलिग्रॅम क्लोरीन आणि सामू ७ ते ७.८ असावा, दर वेळीं उतरण्यापूर्वीं चांचणीच्या पट्टीनें पाहावें. हजार लिटर पाण्यास शेंकडा ५६ क्लोरीनचे दाणे सुमारें साडेपांच ग्रॅम हा आरंभ. पुढें पट्टी सांगेल तसें. ग्रामपंचायत विहिरींत टाकते ती टी. सी. एल. पावडर येथें नको. तिच्या चुन्यानें नळ्या भरतात. संडास धुण्याचें आम्ल आणि क्लोरीन कधींहि एकत्र येऊं देऊं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. पाण्याची उष्णता ४० अंशांवर नेऊं नये, आणि पांच वर्षांखालील मुलांस व गर्भवतींस आंत उतरवूं नये.

यावर कोणी म्हणेल, "दुष्काळी भागांत हजार लिटर पाणी ओतून द्यावयाचें काय?" प्रश्न रास्त आहे, आणि तेंच पाणी महिनोन्महिने टबांत राहण्याचें मूळहि येथेंच आहे. परंतु ओतणें म्हणजे वायां घालविणें नव्हे. रिकाम्या करावयाच्या टबाचें झांकण काढून, क्लोरीन न घालतां, तें दोन दिवस उन्हांत ठेवावें. पट्टीवर क्लोरीन शून्य दिसलें म्हणजे पाणी नळीनें नारळ-चिंचेच्या बुंध्याशीं सोडावें. ओढ्यांत किंवा विहिरीकडे जाऊं देऊं नये. एवढेंहि पाणी परवडत नसेल त्या वर्षीं टब भरूंच नये. लेकरें रुसतील, पण समजतील.

शेवटचें सांगणें एकत्र कुटुंबासाठीं. जी वस्तु सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नसते, आणि अखेर तें काम सुनेच्या किंवा मोलकरणीच्या अंगावर येतें. तसें न करितां घरांतील एका जाणत्या माणसानें तें आपल्याकडे घ्यावें, हातमोजे वापरावेत, आणि पाणी केव्हां भरलें, केव्हां तपासलें, केव्हां काढलें याच्या तारखा टबापाशीं टांगलेल्या वहींत लिहाव्यात. टबाजवळ वावरल्यानंतर पंधरवड्याच्या आंत कोणास ताप, खोकला व धाप लागली, तर डॉक्टरांस टबाची हकीकत न विचारतां सांगावी. त्या एका वाक्यानें योग्य औषध वेळेवर सुरू होतें, आणि या रोगांत वेळेलाच सर्वांत अधिक मोल आहे.