शिक्षक आणि तुरुंग

एकच धंदा धरावा व त्यांतच आयुष्य वेंचावें, असा उपदेश आपण मुलांस नेहमीं करितों. तो वावगा नाहीं; परंतु जो मनुष्य चार क्षेत्रांत वावरला त्याचें चित्त चंचल असलेंच पाहिजे, असें मात्र त्यावरून ठरत नाहीं. अमेरिकेंतील ईनॉक कॉब वाइन्स (१८०६–१८७९) यांचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

वाइन्स हे मूळचे शिक्षक. तरुणपणीं त्यांनीं आरमाराच्या जहाजावर शिकविण्याचें काम केलें, नंतर प्रिन्स्टन येथें शाळा चालविली, आणि पुढें ते धर्मोपदेशकही झाले. न्यू यॉर्कच्या तुरुंगसुधारणा मंडळाचें चिटणीसपद १८६२ सालीं त्यांजकडे आलें, तेव्हां त्यांचें वय छप्पन्न वर्षांचें होतें. थिओडोर ड्वाइट यांसह त्यांनीं संयुक्त संस्थानांतील व कॅनडांतील तुरुंगांची पाहणी केली. कैद्याची सुधारणा हेंच सर्वश्रेष्ठ ध्येय मानणारा एकही सरकारी तुरुंग आपल्या देशांत नाहीं, असें त्यांनीं १८६७ च्या अहवालांत निर्भीडपणें लिहिलें. पुढें त्यांच्या खटपटीनें १८७० सालीं सिन्सिनाटी येथें परिषद भरली. शिक्षेच्या भीतीपेक्षां बक्षिसाच्या आशेनें मनुष्य अधिक सुधारतो, कैद्याचें भवितव्य पुष्कळ अंशीं त्याच्याच हातीं असावें, आणि शिक्षण हें तुरुंगाचें आवश्यक अंग आहे, अशीं तत्त्वें तिनें जाहीर केलीं. हीं तत्त्वें कोणा शिक्षकास अपरिचित वाटतील काय?

त्यानंतर सरकारचे प्रतिनिधि म्हणून वाइन्स युरोपांत गेले, निरनिराळ्या राष्ट्रांचीं मनें त्यांनीं वळविलीं, आणि १८७२ सालीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय तुरुंग परिषद भरविली. हिंदुस्थानांत येऊन येथील तुरुंग व कन्याशाळा पाहून गेलेल्या मेरी कार्पेंटर बाई त्या परिषदेस हजर होत्या. या परिषदांतून जी कायम समिति निघाली, तिचें कार्य १९५१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलें.

तत्त्वें उत्तम असलीं म्हणजे सर्व कांहीं साधतें, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. याच विचारांवर १८७६ सालीं एल्मायरा येथें तरुण गुन्हेगारांसाठीं सुधारगृह उघडलें. पुढें तेथील फटक्यांच्या शिक्षेबद्दल सरकारी चौकशी करावी लागली. सुधारण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो, त्याच्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते.

वाइन्स यांनीं क्षेत्रें बदललीं, पण चुकलेल्या मनुष्यास अजून शिकवितां येईल हा शिक्षकाचा विश्वास सोडला नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें एकदां खोटें सांगितलें, पैसे उचलले अथवा परीक्षेंत नक्कल केली, म्हणजे "हा कार्टा वायां गेला" असें चारचौघांत म्हणूं नका. अपराधाची शिक्षा त्यास अवश्य द्या, परंतु गेलेली पत परत कशी मिळवावी, हेंही त्यास स्पष्ट सांगा. आणि विद्यार्थ्यांनो, असा सोबती वर्गांत परत आला म्हणजे त्यास बांकावर आपल्याशेजारीं जागा द्या. तुरुंग सुधारणें तुमच्या हातीं आज नाहीं. ही जागा देणें मात्र आहे.